मधुमेहाचे दूरगामी परिणाम

रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिल्यामुळे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि त्यांवर अवलंबून असलेल्या अवयवांना होणारी इजा म्हणजे मधुमेहाचे दूरगामी परिणाम. बारीक रक्तवाहिन्यांच्या इजेचा फटका डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडे आणि मज्जातंतूंना बसतो. मोठ्या वाहिन्यांच्या इजेचा हृदय, मेंदू आणि पायांना. यातली बहुतेक इजा सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. साखर २५० असलेला माणूस जेवतोखातो, कामावर जातो, ‘मला काही त्रास नाही’ म्हणतो आणि ते खरेही असते. त्यामुळे काळजी होते ती सकाळच्या आकड्याची. ज्या अवयवांची व्हायला हवी त्यांच्याकडे बघायचे राहून जाते.

उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह धरतात. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. लघवीत साखर साधारणपणे रक्तातली पातळी १८० च्या वर गेल्यावरच उतरते, म्हणून ‘लघवीत काही नाही’ याचा अर्थ मधुमेह नाही असा होत नाही. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे बहुधा मोठेपणी हळूहळू होणारा मधुमेह निदानाच्या आधी कित्येक वर्षे अंगात असतो. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत कोणती ना कोणती इजा आधीच झालेली आढळली. निदान झाले त्याच महिन्यात डोळे, पाय आणि लघवी तपासायची ती याचसाठी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, २६.४ टक्के. ‘मी तर सडपातळ आहे’ हा दिलासा भारतीयांना लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के निघाली. दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या आकड्यांसह छापले गेले. पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासात हा ‘बारीक पण चरबीयुक्त’ बांधा नवजात बाळांतही दिसला. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर मोजणे आपल्याकडे जास्त उपयोगाचे: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका वाढतो.

इजा कशी होते

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोज शिरायला इन्सुलिन हे संप्रेरक लागते. डोळ्याचे भिंग, पडदा, मज्जातंतू आणि मूत्रपिंडाच्या काही पेशींना ते लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉल हे दुसरे रसायन बनते, घातक ऑक्सिडीकरण वाढते, बारीक वाहिन्यांचे अस्तर बिघडते. दुसरीकडे ग्लुकोज प्रथिनांना चिकटते आणि ती कडक होतात. त्वचेखालचे आणि सांध्यांभोवतीचे कोलॅजन असे कडक झाले की बोटे पूर्ण सरळ होत नाहीत: नमस्कारासाठी हात जोडले तर तळवे टेकतात, पण बोटांमध्ये फट राहते. जुन्या मधुमेहाची ही खूण घरबसल्या पाहता येते. खांदा जखडण्याचे प्रमाणही मधुमेहात जास्त असते.

हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर म्हणजे एचबीए१सी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ९ टक्के म्हणजे २१२. लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढतो. रक्तस्राव, तांबड्या पेशी लवकर फुटणे किंवा रक्त चढवणे यांनी खोटा उतरतो. घरातली मोजणी आणि हा आकडा जुळत नसतील तर हिमोग्लोबिन पाहावे.

ग्लुकोमीटरवर १८० दिसले आणि लगेच पुन्हा टोचले तर १६५ दिसणे यात बिघाड नाही. या यंत्रांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला आहे. मात्र आंबा कापलेल्या हाताने टोचले तर आकडा भलताच वर जातो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे, थेंबासाठी बोट फार पिळू नये आणि पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी, नाहीतर पावसाळ्यातल्या दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

डोळे आणि मूत्रपिंडे

पडद्यावरच्या बारीक वाहिन्यांना आधी फुगे येतात, मग त्या पाझरतात, काही बंद पडतात. रक्त कमी पडलेला पडदा नव्या, नाजूक वाहिन्या उगवतो. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असतानाही हे सगळे चालू असू शकते, म्हणून चष्म्याचा नंबर काढणे ही पडद्याची तपासणी नव्हे. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात किंवा पडद्याचे छायाचित्र घेतात. दुसऱ्या प्रकारात ही तपासणी निदान होताच, पहिल्या प्रकारात (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा) पाच वर्षांनी, आणि पुढे साधारण दरवर्षी. थेंबांनी काही तास धूसर दिसते. गाडी चालवत जाऊ नये. लेसर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने प्रामुख्याने उरलेली दृष्टी वाचवतात, म्हणून उशीर महाग पडतो. अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आल्यासारखे दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. याउलट उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे अंधुक दिसणे बहुधा भिंगातले पाणी कमी-जास्त झाल्याने असते. नवा चष्मा साखर स्थिरावल्यावरच करावा.

मूत्रपिंडाच्या बाबतीत फसवणूक रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) करते. गाळण्याची क्षमता निम्मी जाईपर्यंत ते ‘नॉर्मल’ येऊ शकते. आधी बिघडते ते लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर: एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० सुरुवातीची इजा, ३०० च्या वर पुढची. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही ते वाढते. म्हणून तीनपैकी दोन नमुने वाढीव असतील तरच धरतात. या टप्प्यावर रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवणे आणि एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातली रक्तदाबाची गोळी घेणे याने ऱ्हास मंदावतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी२ गटातल्या औषधांनी यात मोठी भर घातली आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून रोज खाल्लेल्या डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनच्या वेदनाशामक गोळ्या मात्र सगळ्यावर पाणी फिरवतात.

जुन्या रुग्णाची साखर काही न बदलता एकाएकी उतरू लागली तर आनंद मानण्याआधी मूत्रपिंडे तपासावीत. इन्सुलिनचा बराच निचरा मूत्रपिंडांतून होतो. ती थकली की तेच डोस जास्त वेळ काम करतात. ‘मधुमेह बरा झाला’ असे वाटून घरात पेढे वाटले जातात, आणि प्रत्यक्षात तो मूत्रपिंडे निकामी होत असल्याचा इशारा असतो.

मज्जातंतू आणि पाय

सर्वांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मोज्यासारखी वर चढते. मुंग्या, रात्री तळव्यांची आग, चादरीचा स्पर्शही नकोसा होणे ही एक बाजू. बधिरपणा ही दुसरी, आणि तीच जास्त घातक. आग होणारा माणूस डॉक्टरांकडे जातो. बधिर पायाचा माणूस जात नाही. चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही आणि तो तसाच पुढे जातो. झोपेत उंदराने बोट कुरतडलेले सकाळी अंथरुणावरच्या रक्तावरून कळते, असे रुग्ण भारतीय रुग्णालयांत येतात.

तपासणी पाच मिनिटांची आहे. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘लागतंय का’ विचारतात; १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का पाहतात; घोट्याच्या मागची आणि पावलावरची नाडी चाचपतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारींत, बी१२ जीवनसत्त्व कमी होऊन अगदी असाच बधिरपणा येतो. ती कमतरता भरून काढता येते, म्हणून बी१२ तपासल्याशिवाय सगळा दोष मधुमेहावर टाकू नये.

जखम होते कशी? बधिर पायाचे स्नायूही दुर्बळ होतात, बोटे आकड्यासारखी वाकतात, चवड्यावर दाब वाढतो आणि तिथे घट्टा धरतो. घाम कमी झाल्याने टाचा फुटतात. घट्ट्याखाली रक्त साकळते, तो फुटतो, आत जंतू जातात. दुखत नसल्याने माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, आणि जखम न भरण्याचे मोठे कारण साखरेइतकेच हे चालणे असते. मलमे बदलून उपयोग नाही. तो दाब काढावा लागतो. त्यासाठी पूर्ण पावलाला बसणारे प्लास्टर किंवा खास बूट देतात. सोबत रक्तपुरवठा कमी असेल तर आधी त्याचा इलाज. पाय कापण्यापर्यंत गेलेल्या बहुतेक प्रकरणांची सुरुवात अशा एका लहान जखमेने झालेली असते.

रोज रात्री उजेडात बसून पाय पाहावेत: तळवा आरशात किंवा घरच्यांकडून, आणि बोटांच्या बेचक्या उघडून. पावसाळ्यात बेचक्यांत चिखल्या होतात. तिथे पाय पुसून कोरडे ठेवायचे, तेल लावायचे नाही. खोबरेल तेल टाचांना आणि तळव्याला. पाय कोमट पाण्याने धुवावेत आणि पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले तळवे हिवाळ्यात हमखास दिसतात. नखे सरळ कापावीत. कुरूप ब्लेडने तासू नये, त्यावर औषधी पट्टीही चिकटवू नये, कारण तिच्यातले ॲसिड आजूबाजूची कातडीही खाते. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. नवी पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्याच्या चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (खास मऊ रबर) तळाची चप्पल बरी. सूज येत असेल तर जोडवी काढून ठेवावीत. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये, मोजे घालावेत. वारीत सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्याने दर मुक्कामी पाय पाहावेत. फोड फोडू नये, त्यावर हळद-चुना भरू नये.

एकच पाऊल अचानक सुजले, लाल झाले, दुसऱ्यापेक्षा गरम लागले आणि दुखणे त्या मानाने कमी असेल तर मुरगळले म्हणून चोळू नये. शार्को विकारात हाडे आतून खचत असतात आणि सुरुवातीचा एक्स-रे साधा येऊ शकतो. त्या पायावर भार देणे त्याच दिवशी थांबवले तर पावलाचा आकार वाचतो.

आतल्या अवयवांचे मज्जातंतूही सुटत नाहीत. उठून उभे राहताच अंधारी येणे, जेवण तासन्‌तास पोटात राहणे, पुरुषांत लिंगाची ताठरता कमी होणे ही त्याचीच रूपे. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो: नुसता घाम, धाप, उलटी. मधुमेहींचे मृत्यू सर्वाधिक हृदयविकार आणि पक्षाघाताने होतात, म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉलची गोळी आणि तंबाखू सोडणे यांचे वजन साखरेइतकेच आहे. हिरड्या सुजणे, वारंवार बुरशी, क्षयाचा वाढलेला धोका हेही यातच येते. २०२१ साली महाराष्ट्रात कोविडनंतर काळ्या बुरशीचे जे रुग्ण आले, त्यांतल्या बहुतेकांची साखर अनियंत्रित होती आणि अनेकांना स्टिरॉइडही दिलेली होती.

काळजीचे काय करायचे

सतत मोजणे, पथ्य, औषधे आणि घरच्यांची ताटावर खिळलेली नजर यांनी जो शीण येतो त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. नैराश्य वेगळे, हे वेगळे. ते मोजण्यासाठी विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली २० प्रश्नांची प्रश्नावली मांडली. मनावरचा ताण कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन या संप्रेरकांमार्फत साखर प्रत्यक्ष वाढवतोही.

भीतीचा सर्वांत मोठा तोटा इन्सुलिनच्या बाबतीत होतो. ‘इन्सुलिन लागलं आणि मग पाय गेला’ असे शेजारच्या काकांबद्दल सांगितले जाते. पण पाय आधीच बिघडत होता, इन्सुलिन उशिरा आले. आकडे धीर देणारे आहेत. पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांच्या डीसीसीटी अभ्यासात साखर काटेकोर ठेवल्याने पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. यूकेपीडीएसमध्ये एचबीए१सी दर एक टक्का कमी असण्याशी बारीक वाहिन्यांची इजा ३७ टक्के कमी असणे जोडलेले आढळले. एचबीए१सी पार सहाच्या खाली न्यायची गरज नाही: बहुतेकांना ७ च्या आसपास, वृद्ध किंवा वारंवार साखर उतरणाऱ्यांना ८ देखील चालते.

घाबरून जेवण टाळणे, किंवा एकादशीला उपवास करून गोळी मात्र नेहमीची घेणे, यातून साखर ७० च्या खाली जाते. हात थरथरणे, घाम, चिडचिड दिसली की तीन ते चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि सावरल्यावर पोळी किंवा भात द्यावा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्याला साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती आतड्यात फुटायचीच ही औषधे रोखतात. त्याच्या खिशात ग्लुकोजची पूडच हवी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, त्याला कुशीवर वळवून दवाखान्यात न्यावे.