माजुली : नदीबेटावरील कला व कारागिरी

माजुली : आसाममधील ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील मोठे, लोकवस्तीचे बेट. दक्षिणेला ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह, उत्तरेला तिचाच फाटा असलेली खेरकुटिया सुती आणि त्या फाट्याला येऊन मिळणारी सुबनसिरी, अशा पाण्याच्या कुशीत ते वसले आहे. दोन प्रवाहांच्या मधला भाग म्हणून ‘माजुली’, अशी व्युत्पत्ती सांगतात. आपल्या माजघरातला ‘माज’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ती पटायला वेळ लागत नाही. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १,६७,३०४ होती. २०१६ साली जोरहाटपासून वेगळा होऊन माजुली हा देशातला पहिला बेट-जिल्हा झाला. त्याच वर्षी ‘जगातील सर्वांत मोठे नदीबेट’ म्हणून गिनेस बुकात त्याची नोंदही झाली. हा मान मिळाला तेव्हा बेट निम्म्याहून अधिक खचून गेलेले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे ८८० चौ. किमी. असलेले क्षेत्रफळ २०१४ पर्यंत ३५२ चौ. किमी.वर आले होते.

माजुलीतील कारागिरीकडे पाहताना हे आकडे विसरता येत नाहीत, कारण तिचा सगळा कच्चा माल नदीच्या काठचा असतो. गाळाची चिकणमाती, बांबू, पुरात वाहून आलेली लाकडे आणि शेण यांपलीकडे येथे फारसे काही लागत नाही. दगड आणि धातू बेटावर मिळत नाहीत. त्यामुळे इथे मंदिरशिल्प घडले नाही. घडले ते हलके, उचलून नेता येण्याजोगे किंवा मोडले तर पुन्हा करता येण्याजोगे.

या कलांचे घर म्हणजे सत्र. श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी आसामात एकशरण नामधर्म रुजवला. मूर्तिपूजा आणि कर्मकांड बाजूला ठेवून नामस्मरण आणि श्रवणकीर्तनावर भर देणारा हा वैष्णव पंथ आहे. दोघांची पहिली भेट माजुलीतल्या धुवाहाट-बेलगुरी येथे झाली. तिला आसामात ‘मणिकांचन संयोग’ म्हणतात. पुढे या पंथाचे मठ उभे राहिले, तीच सत्रे. मध्यभागी नामघर हे लांबोळके प्रार्थनागृह, त्याच्या टोकाला मणिकूट हा गाभारा, आणि भोवती चारही बाजूंनी भकतांच्या म्हणजे भक्तांच्या खोल्यांच्या रांगा, त्यांना हाटी म्हणतात. मणिकुटात मूर्तीऐवजी बहुधा पोथी विराजमान असते आणि तीही कोरीव लाकडी सिंहासनावर. मठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते त्यापेक्षा सत्राची दिनचर्या बरीच वेगळी आहे. तिथे भकत शेती करतो, नाचतो, मृदंगाच्या जातीचा खोल वाजवतो, नाटकात काम करतो, आणि या सगळ्याची गणना उपासनेतच होते. आउनीआटी, दक्षिणपाट, गडमूर, कमलाबारी, उत्तर कमलाबारी, सामगुरी ही ठळक नावे. आउनीआटी सत्राला १६५३ मध्ये आहोम राजा जयध्वजसिंहाने आश्रय दिला. तेथील संग्रहालयात आहोमकालीन भांडी, दागिने आणि शस्त्रे पाहायला मिळतात, आणि तेथे बनणाऱ्या ‘बिसनी’ म्हणजे नक्षीदार विंझणे प्रसिद्ध आहेत.

माजुलीचे नाव बाहेर पोहोचले ते मात्र मुखवट्यांमुळे, आणि ते काम मुख्यतः सामगुरी सत्रात चालते. मुखवट्याला असमियात ‘मुखा’ म्हणतात. शंकरदेवांनी ‘चिह्नयात्रा’ या आपल्या पहिल्या नाट्यप्रयोगात मुखवटे वापरले अशी परंपरा आहे. सामगुरी हे गृहस्थांचे सत्र असल्यामुळे विद्या बापाकडून मुलाकडे येते. बहुतेक मोठी सत्रे उदासीन म्हणजे ब्रह्मचाऱ्यांची आहेत. तेथे लहानपणी सत्रात आणून सोडलेला मुलगा थोरल्या भकताच्या हाताखाली शिकतो.

मुखवट्याची घडण अशी. बांबूच्या बारीक कामट्या काढून त्यांचा सांगाडा विणतात. वीण षट्कोनी छिद्रांची असते, आपल्याकडच्या करंड्यांवर दिसते तशी. तिच्यामुळे सांगाडा दाबला तर वाकतो, मोडत नाही. मग सुती कापडाचे तुकडे कुंभारमातीच्या पातळ चिखलात बुडवून सांगाड्यावर चिकटवतात आणि उन्हात वाळू देतात. त्यावर माती आणि शेण यांचा मळलेला थर देऊन नाक, भुवया, गाल, सुळे उठवतात. शेणामुळे माती वाळताना तडकत नाही आणि हलकी राहते. सुकत आलेला चेहरा ‘करधनी’ नावाच्या बांबूच्या पट्टीने घासून गुळगुळीत करतात. पुन्हा एक कापडाचा थर, आणि शेवटी रंग. तागाच्या किंवा जलपर्णीच्या तंतूंचे केस आणि दाढी लावतात. या कामात घाई चालत नाही. प्रत्येक थर पुरता वाळेपर्यंत थांबावे लागते, आणि पावसाळ्यात ऊनच पडत नाही.

मुखवट्यांचे तीन प्रकार मानतात. ‘मुखमुखा’ फक्त चेहरा झाकतो. ‘लटकाई’ त्याहून मोठा, त्याचे अवयव हलतात. ‘बरमुखा’ किंवा ‘छोमुखा’ अंगभर असतो. त्यात डोके वेगळे आणि धड वेगळे असते. रावण, पूतना, बकासुर, नरसिंह यांसारखी पात्रे त्यात शिरून रंगभूमीवर येतात, तेव्हा आतला नट नजरेआड होऊन नुसता अक्राळविक्राळ देह चालताना दिसतो. सामगुरीचे हेमचंद्र गोस्वामी यांनी मुखवटा हलका करण्यावर आणि संवादाबरोबर जबडा हलेल अशा रचनेवर पुष्कळ काम केले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा घातलेले सोंग बोलत नाही, वाद्यांच्या तालावर नाचते. माजुलीत मुखवट्याला बोलायचे असते, म्हणून जबड्याची चिंता. २०२४ मध्ये माजुलीचे मुखवटे आणि माजुलीची पोथीचित्रे या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले.

हे मुखवटे भिंतीवर टांगण्यासाठी नाहीत, भाओनासाठी आहेत. भाओना म्हणजे शंकरदेव-माधवदेवांच्या परंपरेतल्या अंकीया नाटांचा, म्हणजे एकांकी भक्तिनाट्यांचा प्रयोग. नामघरात किंवा मांडवात रात्रभर चालणारा. आधी गायन-बायन, म्हणजे खोल आणि मोठ्या झांजांचा मेळ. मग पांढऱ्या वेशातला सूत्रधार येतो आणि शेवटपर्यंत रंगभूमीवरून जात नाही. तो नाचतो, गातो, पात्रांची ओळख करून देतो, मध्येच कथेचा अर्थ सांगतो. भाषा ब्रजावली, म्हणजे मैथिली आणि असमिया यांचे साहित्यिक मिश्रण. रोजच्या व्यवहारात ती कोणीच बोलत नाही, तरी गावातल्या आजीला ती कळते, कारण तिने ती लहानपणापासून ऐकलेली असते. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी कार्तिक पौर्णिमेच्या रासाला होते. तेव्हा सत्रांबरोबर गावोगावच्या मंचांवर कृष्णलीला होतात, आणि कालिया, अघासुर, बकासुर यांचे मुखवटे बाहेर निघतात. गडमूरचे सत्राधिकार म्हणजे सत्रप्रमुख पीतांबरदेव गोस्वामी हे स्वातंत्र्यसैनिक आणि समाजसुधारक होते. माजुलीतील रासाला आधुनिक रंगमंच मिळाला आणि त्यात स्त्रिया उभ्या राहू लागल्या, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

नामघरातल्या नृत्याला संगीत नाटक अकादमीने २००० साली ‘सत्रीया’ या नावाने शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला. त्याचा पाया म्हणजे ‘माटी आखरा’. शब्दशः मातीवरचा आखाडा! शरीर वळवण्याचे, बसण्याउठण्याचे, उड्यांचे हे व्यायाम मुलगा लहानपणी जमिनीवर घटवतो आणि मगच त्याला नाच शिकवतात. शतकानुशतके हे नृत्य फक्त पुरुष भकतच करीत. नाजूक ‘चाली’ नृत्यही मुलगेच स्त्रीवेषात करीत. सत्राच्या कुंपणाबाहेर ते नेण्यात कमलाबारी परंपरेतल्या मणिराम दत्त मुक्तियार यांच्यासारख्या गुरूंचा वाटा होता. आज मंचावर बहुतेक नर्तकी दिसतात. पण पहाटे किंवा संध्याकाळी सत्रातल्या मुलांचा सराव पाहिला, तर त्याच हालचालींना निराळा खडबडीत जोर असतो.

पोथ्यांचा विषय थोडक्यात. येथील जुन्या पोथ्या सांचीपातावर, म्हणजे अगरूच्या झाडाच्या सालीवर लिहिल्या आहेत. साल सोलून, वाळवून, उडदाच्या वाटणाने घासून घोटतात. शाई हिरडा आणि गोमूत्र यांपासून करतात. चित्रांचे मुख्य रंग दोन, ‘हेंगुल’ आणि ‘हाइताल’, म्हणजे आपले हिंगूळ आणि हरताळ. मराठीत एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे म्हणजे ती मोडीत काढणे, कारण पोथीत चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ फासत. माजुलीत त्याच हरताळाने पोथी वाचवली आहे. तो विषारी असल्याने सालीला कसर लागत नाही. मुखवट्यांवरही पूर्वी हेच रंग लागत.

सत्रांपासून दूर, बेटाच्या पूर्वेकडील सालमोरा भागात कुंभारांची वस्ती आहे. येथे चाक नाही. बाई मातीचा गोळा समोर घेऊन हातानेच फिरवते, आतून एका हाताचा आधार देत बाहेरून लाकडी थापटीने ठोकते. थापटीच्या प्रत्येक ठोक्याला भांडे बोटभर सरकते आणि त्याचा काठ हळूहळू वर चढतो. घडणे हे बायकांचे काम. माती खणणे, भट्टी लावणे आणि विकणे पुरुषांचे. भट्टीला पुरात वाहून आलेले ओंडके लागतात. पक्की झालेली मडकी होड्यांत रचून नदीकाठच्या गावांना नेत आणि पैशाऐवजी भात घेऊन परतत. चाक नसल्याने या मडक्यांचा संबंध थेट हडप्पाशी जोडण्याची हौस पुष्कळांना आहे. त्यात फार अर्थ नाही. हाताने मडके घडवण्याची रीत ईशान्य भारतात इतरत्रही आहे. सालमोऱ्याचे वेगळेपण आहे ते व्यवसायाच्या गणितात. माती फुकट, सरपण फुकट, वाहतूक प्रवाहावर, आणि या तिन्ही गोष्टी नदीच्या.

तेच गणित आता बिघडले आहे. कुंभारांना लागणारी चिकट माती वरच्या वाळूखाली खोल असते. ती किनाऱ्यात खड्डे घेऊन काढावी लागते. १५ ऑगस्ट १९५० च्या महाभूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचे पात्र गाळाने उंच झाले आणि माजुलीचे किनारे झपाट्याने ढासळू लागले. धूप रोखण्यासाठी बंधारे आणि दगडी बांधकामे आली, तशी किनारा खोदण्यावर बंधने आली. बेट वाचवायचे तर माती काढू नये, आणि माती काढली नाही तर कुंभाराने बेटावर राहून करायचे काय, असा हा पेच आहे. त्यात प्लॅस्टिकच्या बादल्या आणि ॲल्युमिनियमची पातेली यांनी बाजार आधीच खाल्ला होता.

मिसिंग, देउरी आणि सोनोवाल कछारी या जमातींचीही माजुलीत मोठी वस्ती आहे. सत्रांच्या झगमगाटात त्यांचा उल्लेख अनेकदा तळटीपेसारखा येतो, ते बरोबर नाही. अरुणाचलच्या डोंगरांतून उतरून आलेले मिसिंग लोक खांबांवर उभारलेल्या ‘चांगघरां’त राहतात. पुराचे पाणी खालून निघून जावे म्हणून ही रचना. एरवी खालच्या सावलीत डुकरे, कोंबड्या आणि बाईचा हातमाग. कमरेला नेसायचे ‘एगे’, पुरुषांचे बिनबाह्यांचे ‘गालुक’ जाकीट, आणि कापसाचे झुपके विणून केलेली ‘गादू’ ही जाड पांघरुणे घरोघर विणली जातात. कापसाबरोबर एरी रेशीमही असते. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचे, म्हणून एरी. फाल्गुनातल्या पहिल्या बुधवारी येणाऱ्या ‘आली-आये-लिगांग’ या पेरणीच्या सणाला हीच वस्त्रे अंगावर चढतात, ‘गुमराग’ नाच होतो आणि तांदळाची ‘आपोंग’ निघते, पांढरी किंवा भाताच्या तुसाची राख घातलेली काळी.

धुपेमुळे अनेक सत्रांना बेटावरच जागा बदलावी लागली, काहींना बेट सोडावे लागले. ज्या बेलगुरीत शंकरदेव आणि माधवदेव भेटले, ती मूळ जागाही नदीत गेली. ते सत्र आता नारायणपूरला आहे. स्थलांतरित सत्र नव्या जागी पुन्हा नामघर बांधते, पोथी सिंहासनावर ठेवते आणि नित्यक्रम सुरू करते. माजुलीचे नाव २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहे.

बेटावर जाण्याचा रूढ मार्ग जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून. बोटीत माणसांबरोबर मोटारसायकली, जीपगाड्या, भाजीच्या टोपल्या चढतात. नामघरात पादत्राणे काढून जावे. मणिकुटात बाहेरच्यांना प्रवेश नसतो, आणि अनेक भकत सोवळे पाळत असल्याने नमस्कार लांबूनच करावा. मुक्कामाची मुख्य सोय गडमूर आणि कमलाबारी भागांत आहे. रासाच्या दिवसांत ती आधी ठरवून ठेवावी लागते. पावसाळ्यात बोटी नदीच्या मनावर असतात. परतीची शेवटची बोट दुपार कलताच सुटते, म्हणून सामगुरीत मुखवटे बघत रेंगाळायचे असेल तर रात्रीचा मुक्काम धरूनच निघावे.