पहिल्या डाइव्हआधी: कानाचे दडे आणि बाकीचं थोडंसं

रविवारी सकाळी सात वाजता ठाण्यात घोडबंदर रोडच्या स्विमिंग पूलवर आमची स्कूबा डायव्हिंगची, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायला शिकणारी, पहिली बॅच पाण्यात उतरते. सत्र दीड तासाचं. त्यातला अर्धा-पाऊण तास जवळजवळ दर आठवड्याला एकाच गोष्टीत जातो. कुणाचा तरी कान दुखतो, ते वर येतात, पुन्हा उतरतात, पुन्हा दुखतो. मग मास्कमधलं पाणी काढणं, पाण्यात स्थिर तरंगणं, म्हणजे ज्यासाठी तुम्ही पैसे भरलेत तेच घाईत उरकावं लागतं.

पोहता येत नाही, चालेल का? भीती वाटली तर? हे फोनवर सगळेच विचारतात. (अनुभव घेण्यापुरत्या डाइव्हला पोहता आलं नाही तरी चालतं, आणि भीती पहिल्या दहा मिनिटांत बहुतेकांची जाते.) कानाबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि अडतं नेमकं तिथंच.

लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना कानाला दडे बसतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. त्या अख्ख्या घाटात, साधारण साडेपाचशे मीटर खाली येताना, हवेचा दाब जितका वाढतो तितका पाण्यात जेमतेम दोन फुटांवर वाढतो. आमचा पूल साडेतीन मीटर खोल आहे. म्हणजे तळाला जाणं हे एका दमात पाच-सहा घाट उतरण्यासारखं आहे. समुद्रात दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो आणि दुखतं. त्या पोकळीपर्यंत नाकाच्या मागून एक बारीक नळी जाते. तिच्यातून चिमूटभर हवा आत गेली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

चूक होते ती इथे: बहुतेक जण दुखायला लागेपर्यंत थांबतात. दाब वाढू दिला की त्या नळीचं मऊ तोंड चेपून बंद होतं आणि मग हवा जातच नाही. अशा वेळी जोर लावला तर आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि हलकेच नाकात हवा सोडायची. डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या पहिल्यांदा, मग दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. तरी दुखलंच तर हातभर वर या, पुन्हा करा, मग उतरा. पाय खाली ठेवून दोर धरून उतरलात तर कान लवकर सुटतात. एकच कान अडला असेल तर मान वाकवून तो कान वरच्या बाजूला घ्या. नाक धरून हवा सोडण्याच्या या पद्धतीलाच प्रशिक्षक ‘वाल्साल्वा’ म्हणतात. एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं ते नाव आहे.

हे घरी कोरड्यात जमतं. येण्याआधी चार-पाच दिवस, दिवसातून दोन-तीनदा करून बघा. दोन्ही कानांत बारीक ‘टक’ असा आवाज आला की झालं. घरी आवाज येत नसेल तर आधी फोन करा, पुलावर येऊन कळण्यापेक्षा ते बरं.

सर्दी असताना येऊ नका. नाकात स्प्रे मारूनही नाही. त्याचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना कानातली हवा बाहेर पडत नाही, आणि ते दुखणं जास्त वाईट. आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवलंत तर तारीख विनाशुल्क बदलून देतो. कानात बोळे किंवा इअरप्लग घालून उतरायचं नाही, प्लग आणि पडद्यामध्ये हवा कोंडते. पोहण्याचा गॉगलही चालत नाही, कारण त्यात नाक येत नाही, मग नाकातून हवा सोडून त्याच्या आतला दाब सारखा करता येत नाही. मास्क आम्ही देतो, चष्म्याच्या नंबरचेही काही आहेत, फक्त नंबर आधी सांगा.

बरेच जण विचारतात, मालवणला थेट बोटीवरून नेतात, मग तुमच्याकडे आधी पूल कशाला? मालवणची मंडळी आपलं काम उत्तम करतात. पण सीझनला बोटीवर पुढची माणसं थांबलेली असतात, खाली लाटा असतात. तिथे कान सुटला नाही तर तुमची फेरी तिथेच संपते, आणि त्यासाठी तुम्ही रात्रभर प्रवास केलेला असतो. पुलात कान अडला तर आम्ही थांबतो. एका प्रशिक्षकामागे दोनच जण घेतो ते याचसाठी. आमचे दर थोडे जास्त वाटतात त्याचंही हेच कारण. ज्यांचा कान पहिल्या सत्रात सुटत नाही त्यांना दुसरं सत्र मोफत.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नका, वर येताना तर मुळीच नाही. फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो आणि प्रशिक्षक तुम्हाला खरंच वर घेऊन येतात. ‘ठीक आहे’ हे अंगठा आणि तर्जनी जोडून दाखवायचं.

वैद्यकीय फॉर्मवर दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर लपवू नका. ‘हो’ लिहिलं म्हणजे लगेच नकार असं नाही. डॉक्टरांची सही आणली की बहुतेक वेळा मार्ग निघतो. सहीशिवाय मात्र आम्ही उतरवत नाही, कितीही लांबून आला असलात तरी.

पुढे ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स) करायचा असेल तर 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं यावं लागतं. त्यात समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, आणि नंतर जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं. आमच्या मालवणच्या सहली ऑक्टोबर ते मे; पावसाळ्यात फक्त पूल. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर 18 तासांच्या आत नको. कुडाळहून कोकणकन्या किंवा तुतारी पकडलीत तर ही अडचणच येत नाही, दोन्ही ठाण्याला थांबतात. तिकिटं लवकर संपतात, तेव्हा पुलातलं सत्र झालं की त्याच दिवशी सहलीची तारीख पक्की करून टाका.