धुऱ्यावरचं झाड आणि दोन पावलांतलं अंतर

"मॅडम, पोरांत कोणी पायाळू आहे का, विचारून घ्या. आभाळ भरलंय." रामटेकच्या वाटेवर आमच्या बसच्या ड्रायव्हरनं मला हे अगदी काळजीनं सांगितलं होतं. क्षेत्रभेटीच्या सूचनेत टोपी, ओआरएस, पाण्याची बाटली सगळं होतं. नागपूरच्या उन्हाची धास्तीच तशी. विजेबद्दल मात्र एक ओळ नव्हती, आणि ती सूचना मीच लिहिली होती.

जन्मताना आधी डोकं आलं की पाय, याची वीज चौकशी करत नाही. मोबाइललाही ती हुडकत येत नाही. आणि ती थेट अंगावरच पडायला हवी असंही नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीवर पडलेली वीज जमिनीत शिरते आणि चहूकडे पसरते. जमीन तिला रोध करते, त्यामुळे झाडापासून दूर जावं तसं व्होल्टेज उतरत जातं. म्हणजे तुमच्या दोन पायांखाली दोन वेगळी व्होल्टेज!

गणितच करू. प्रवाह ३०,००० अँपिअर, मातीची रोधकता (माती विजेला किती अडवते ते) १०० ओहम-मीटर, झाड पुढच्या पायापासून १० मीटरवर. झाडाच्या दिशेनं अर्धा मीटर पाऊल टाकलं की दोन पायांत सुमारे २,२७० व्होल्ट. पाय जुळवले तर फारच थोडे. तिथेच झाडाकडे तोंड करून उभ्या गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर धरलं, तर ६,२०० व्होल्ट, आणि वाटेत हृदय. एका झाडाखाली अख्खा कळप का मरतो, ते यात आलं.

हे आकडे ज्या सूत्रानं काढले, त्यात रोधकता थेट गुणली जाते. ओल्या काळ्या मातीची कमी, उघड्या बेसॉल्टची कितीतरी जास्त. म्हणजे पोरांना जो कातळ दाखवायला न्यायचं, तिथेच हा फरक वाढतो.

म्हणून आता आम्ही पहाटे निघतो आणि दुपारचे ढग चढायच्या आत उघड्यावरचं काम आटोपतो. निघण्याआधी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप बघतो. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. नकाशा काढायचं प्लेन टेबल तिथेच टाकून बसमध्ये, काचा बंद. पत्र्याची उघडी शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी उतरत नाही.

वीज लागलेल्याच्या अंगात वीज उरत नाही, लगेच हात लावता येतो. त्याला शेणात पुरायचे प्रकार अजून ऐकू येतात. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागायचं, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा.