इत्तोकोर्तूर्मीत

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील शिकारी लोकांची वस्ती. अक्षांश सुमारे ७०° ३०′ उ.; लोकसंख्या साडेतीनशेच्या आसपास. फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून जमिनीत आत शिरलेली समुद्राची अरुंद, लांब खाडी. जगातील सर्वांत मोठ्या फ्योर्ड-समूहाच्या, म्हणजे स्कोर्सबी सुंदच्या, मुखाशी ती वसली आहे. नावाचा अर्थ ‘मोठ्या घरांत राहणारे’. जवळचे मोठे गाव तासीलाक. तेही दक्षिणेला सुमारे ८०० किमी. दूर, आणि तिथवर रस्ता नाही.

समुद्र वर्षातले सुमारे नऊ महिने गोठलेला असतो. बाहेरच्याला ही कोंडी वाटते, पण गावकऱ्यांना याच महिन्यांत रस्ता मिळतो. बर्फ धरला की कुत्र्यांच्या घसरगाड्या फ्योर्डमध्ये लांबवर जातात. खरी अडचण बर्फ धरताना आणि फुटताना होते, कारण तेव्हा ना गाडी चालते ना होडी. इथले जगणे समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

परिसरात इनुइट (उत्तर ध्रुवाकडील मूळ रहिवासी) लोकांच्या जुन्या घरांचे अवशेष सापडतात, तरी आजची वस्ती १९२५ सालची. डॅनिश दर्यावर्दी आयनार मिकेल्सन यांच्या पुढाकाराने आमासालिक (आजचे तासीलाक) भागातली कुटुंबे जहाजाने इथे आणली गेली. तिकडे शिकार अपुरी पडत होती हे एक कारण. पूर्व ग्रीनलंडवर नॉर्वेही हक्क सांगत होता, हे दुसरे. हा वाद १९३३ मध्ये हेगच्या तत्कालीन स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात डेन्मार्कच्या बाजूने सुटला. राजकारण काहीही असो, जागेची निवड शिकाऱ्याच्या नजरेने अचूक होती. फ्योर्डच्या तोंडाशी पाण्याचा एक भाग ऐन हिवाळ्यातही उघडा राहतो. अशा पाण्याला पॉलिनिया म्हणतात. श्वास घ्यायला सील आणि नारव्हाल (लांब सुळ्याचा ध्रुवीय देवमासा) तिथे वर येतात, सीलच्या मागावर ध्रुवीय अस्वल येते, आणि माणूसही तिथेच जातो.

गाडीला कुत्री एकामागे एक जुंपत नाहीत, पंख्यासारखी पसरून जुंपतात; प्रत्येकाची दोरी वेगळी. धावताना कुत्री एकमेकांवरून उड्या मारत जागा बदलतात आणि थोड्याच वेळात दोऱ्यांची घट्ट वेणी होते. मग गाडी थांबवायची, हातमोजे काढायचे आणि गोठलेल्या गाठी उघड्या बोटांनी सोडवायच्या. जात शुद्ध राहावी म्हणून पूर्व ग्रीनलंडमध्ये ग्रीनलंडी कुत्र्याखेरीज दुसरी जात आणायला बंदी आहे.

सील, कस्तुरी बैल आणि नारव्हालचे मांस हे रोजचे अन्न. नारव्हालची कातडी खालच्या चरबीसकट कच्चीच खातात. तिला मत्ताक म्हणतात. तिच्यातून क जीवनसत्त्व मिळते, म्हणून भाजीपाल्याविनाही इथल्या पिढ्या तगल्या. दुकानातला बहुतेक माल उन्हाळ्यात येणाऱ्या मोजक्या जहाजांवर अवलंबून असतो. शेवटचे जहाज गेले की साठवलेले पुरवून वापरायचे, आणि ताजे काही विमानाने येईल तेवढेच. धावपट्टी सुमारे ४० किमी. दूर, कॉन्स्टेबल पॉइंटला आहे. ती तेलाच्या शोधासाठी १९८० च्या दशकात बांधली गेली. तिथून गावात हेलिकॉप्टरने यायचे, तेही हवा बरी असेल तर. वाढदिवस असो की मुलाचा शाळेतला पहिला दिवस, घर सगळ्यांना उघडे असते. या कॉफी-केकच्या मेजवानीला काफेमिक म्हणतात.

नोव्हेंबरअखेरीपासून सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. उन्हाळ्यात त्याहून काही दिवस जास्तच तो मावळत नाही. घरात पूर्व ग्रीनलंडी बोली चालते. शाळेत मात्र पश्चिम ग्रीनलंडी आणि डॅनिश शिकावी लागते. पुढच्या शिक्षणासाठी मुले गाव सोडतात आणि त्यातली बरीच परतत नाहीत. सीलच्या कातड्याची बाजारपेठ पडल्याने निव्वळ शिकारीवर घर चालवणे अवघड झाले. शिवाय दूरच्या कारखान्यांतली रसायने सागरी अन्नसाखळीतून इथल्या माणसांच्या रक्तात उतरतात. ज्यांनी ती कधी बनवली नाहीत त्यांनी ती सोसावीत, हा उघड अन्याय आहे.

अलीकडे बर्फ पातळ आणि बेभरवशाचा होत चालला आहे. बर्फ नसला की अस्वले किनाऱ्यावर अडकतात आणि भुकेने गावात शिरतात. त्यासाठी गावात अस्वल-पहारा सुरू झाला आहे. पहारेकरी सकाळी मुले शाळेला निघण्याआधी घरांभोवती फेरी मारून ताजे माग पाहतात आणि अस्वल दिसलेच तर मोठा आवाज करून त्याला गावाबाहेर हुसकावतात.