माहिती साक्षरता मापन

माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि योग्य रीतीने वापरणे या क्षमता विद्यार्थ्यांमध्ये कितपत आल्या आहेत, हे तपासण्याच्या पद्धतींना माहिती साक्षरता मापन म्हणतात. यातील ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरली. विद्यापीठीय पातळीवरील मापनाला मात्र जोर आला तो तेथील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये मानके ठरवल्यानंतर. त्यांच्या आधारे ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात ‘सेल्स’ ही बहुपर्यायी चाचणी तयार झाली. अशी चाचणी एकाच वेळी शेकडो विद्यार्थ्यांना देता येते; पण दोन शोधशब्दांमध्ये ‘आणि’ घातल्यास शोधात मिळणाऱ्या निष्पत्तींची संख्या घटते हे ओळखून योग्य पर्यायावर खूण करणे निराळे आणि निबंधाची मुदत डोक्यावर असताना तसा शोध घेणे निराळे.

स्वतःच्या कौशल्याविषयी विद्यार्थ्यांनाच विचारणारी प्रश्नावली सर्वांत स्वस्त पडते आणि सर्वांत कमी भरवशाची ठरते. मेलिसा ग्रॉस व डॉन लॅथम यांना फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठातील अभ्यासात असे आढळले की, चाचणीत कमी गुण मिळवणारे विद्यार्थीच स्वतःची क्षमता फुगवून सांगतात.

प्रत्यक्ष कृतीचे निरीक्षण वेळखाऊ असले तरी सर्वाधिक बोलके असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहासाचे १० पीएच.डी.धारक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पदवीचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली होती. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पाने होती : एक १९३० पासूनची मोठी व्यावसायिक संघटना, तर दुसरी २००२ मध्ये मतभेदांतून फुटून निघालेला छोटा गट. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी नीटनेटकी मांडणी पाहून छोट्या गटाचे पान अधिक विश्वासार्ह मानले. तथ्यतपासनीस त्या पानावर फारसे रेंगाळलेच नाहीत. नवे टॅब उघडून इतर लोक त्या संस्थेविषयी काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिले. लेखी चाचणीत हा फरक दिसला नसता.

ग्रंथालयांच्या उपरोक्त संघटनेने २०१६ मध्ये आपली २००० ची मानके मागे घेतली. त्यांच्या जागी आलेली चौकट सहा व्यापक संकल्पनांवर उभी असून माहितीच्या स्रोताचा अधिकार, म्हणजे त्याची विश्वासार्हता, प्रसंगसापेक्ष असतो, ही त्यांपैकी एक होय. अशा संकल्पना बहुपर्यायी प्रश्नांत बसवणे अवघड असल्याने विद्यार्थ्यांचे निबंध व संदर्भसूची गुणांकन-निकषांवर तपासण्याकडे कल वाढला. मात्र त्यासाठी निरनिराळे परीक्षक एकाच निबंधाला सारखे गुण देतात की नाही, हे अगोदर पडताळावे लागते.