बार्बाकोआ: खड्ड्यातून पातेल्यात

मंद आचेवर तासन्‌तास शिजवून धागे सोडवलेले मेक्सिकन पद्धतीचे गोमांस आज अनेक घरांत ‘बार्बाकोआ’ या नावाने केले जाते. त्यातील चरबी कमी करायची म्हणजे मूळ पदार्थाला मुरड घालायची, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पदार्थाचा इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही.

बार्बाकोआ हे मुळात पदार्थाचे नावच नव्हते. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक काटक्यांचा जो मांडव उभारीत, त्याचा हा शब्द स्पॅनिशांनी उचलला. त्यातूनच पुढे ‘बार्बेक्यू’ आला. मेक्सिकोत मात्र तो जमिनीत खड्डा खणून मांस शिजवण्याच्या रीतीला चिकटला. इदाल्गो राज्यात आजही तापलेल्या खड्ड्यात घायपाताच्या जातीच्या ‘मॅग्वे’ची रुंद पाती अंथरून त्यांत मेंढीचे मांस गुंडाळतात, खाली रस झेलण्यासाठी भांडे ठेवतात आणि वरून माती लोटून ते रात्रभर शिजू देतात. या वाफेच्या स्वयंपाकाला वरून तेल वा चरबी लागत नाही.

स्पॅनिश येण्यापूर्वी मेक्सिकोत गाय, मेंढी किंवा डुक्कर नव्हते. १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्यानंतर ही जनावरे देशभर पसरली आणि त्यांच्याबरोबर डुकराच्या चरबीत परतण्या-तळण्याची सवयही रुजली. व्हिनेगर, लसूण, जिरेही स्पेनकडूनच आले. १५६५ पासून फिलिपाइन्समधून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात येणाऱ्या जहाजांतून आशियाई मसाले येऊ लागले. उलट मेक्सिकोच्या परिसरातली मिरची पोर्तुगीजांमार्फत गोव्याकडे आली होती. त्यामुळे बार्बाकोआला लावायचे मिरची, लसूण, व्हिनेगर आणि लवंगेचे वाटण मराठी स्वयंपाक्याला अनोळखी वाटत नाही.

उत्तरेकडील गुराख्यांच्या प्रदेशात, पुढे दक्षिण टेक्सासमध्येही, मेंढीची जागा गाईच्या मुंडक्याने घेतली. गालाचे मांस चिवट. पण त्यातील कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवटपणा देणारे प्रथिन, सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर, ओलसर उष्णतेत, काही तासांनी विरघळून जिलेटिन बनते. शहरी घरात खड्डा शक्य नसल्याने झाकणाचे जड पातेले आणि खांद्याचे मांस आले, तत्त्व मात्र तेच राहिले.

आरोग्याचा प्रश्न इथेच सुटतो. रश्शाला येणारा चिकट दाटपणा जिलेटिनचा असतो, चरबीचा नव्हे. रस्सा रात्रभर थंड केला की चरबीचा तवंग वर घट्ट बसतो आणि तो उचलून टाकला तरी खालचा रस मिळमिळीत होत नाही. याउलट सुरुवातीलाच अगदी बिनचरबीचा, मऊ मांसाचा तुकडा निवडणे ही खोटी काटकसर आहे. कोलॅजन कमी असलेले मांस कोरडे, भुसभुशीत होते. वाटणासाठी वापरल्या जाणाऱ्या डबाबंद चिपोतले मिरचीत मीठ बरेच असते. ‘धुरावलेली मिरची’ अशा अर्थाच्या नाहुआत्ल या मेक्सिकोच्या मूळ भाषेतील शब्दापासून हे नाव आले आहे, आणि तीच मिरची सुकी आणून भिजवून वाटली तर धुराची चव मिळते व मिठाचे प्रमाण आपल्या हाती राहते.

प्रमाणाचे पथ्य मात्र तवंग काढून टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये तांबडे मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. म्हणून तोर्तिया या मक्याच्या पातळ भाकरीत मांस थोडे, आणि काळा घेवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू सढळ हाताने घालावे. मका, घेवडा आणि मिरची तर गाईच्याही आधीपासून मेक्सिकोच्या ताटात आहेत.