रिकाम्या जागेची दुर्बीण

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळलं की शेतांमागून मोठाल्या तबकड्या डोकावू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्या मिळून जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी एकच दुर्बीण होते. पण जवळ जाऊन मान वर केली तर तबकडीतून आरपार आकाश दिसतं. पत्रा नाहीच, आहे ती स्टीलच्या बारीक तारांची जाळी.

ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांची. रेडिओ लहरीला तिच्या लांबीपेक्षा खूप लहान भोकं जाणवतच नाहीत. जीएमआरटी ज्या लहरी टिपते त्यांतल्या सर्वांत आखूड लहरी सुमारे २१ सेंटिमीटरच्या, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहरीच्या दृष्टीनं हा सलग आरसाच, वाऱ्याच्या दृष्टीनं मात्र जवळजवळ काहीच नाही. एवढ्या मोठ्या तबकडीचा खरा शत्रू वारा असतो. तो आरपार निघून गेला की सांगाडा हलका करता येतो, फिरवणारी यंत्रं लहान चालतात आणि खर्च आवाक्यात येतो. दोरखंडांनी ताणून जाळीला वक्राकार देण्याच्या या रचनेला ‘स्मार्ट’ असं नाव पडलं.

तरीही ४५ मीटर कमीच. २१ सेंटिमीटर लहरींवर अशी एकटी तबकडी साधारण अर्ध्या चंद्राएवढ्या आकाशाकडे एक ठिपका म्हणून बघते. बारकावे दिसायला कित्येक किलोमीटर व्यासाची तबकडी हवी, आणि ती कोणी बांधू शकत नाही. मग उपाय असा, की त्या काल्पनिक महातबकडीचे फक्त काही तुकडे उभारायचे. १४ तबकड्या मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीवाटीनं, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या तीन भुजांवर, एकमेकींपासून २५ किलोमीटरपर्यंत लांब. मधल्या जागेत गावं, शेतं, रस्ते आहेत तसेच.

प्रत्येक तबकडीचा संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे जोडीजोडीनं ताडून पाहिला जातो. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. लांबच्या जोड्या बारीक तपशील देतात, जवळच्या जोड्या पसरट, धूसर ढग पकडतात. नुसता लांबचा विस्तार ठेवला असता तर हे ढग निसटलेच असते. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातून पाहिलं तर प्रत्येक जोडीची दिशा तासातासाला बदलते. आठ-दहा तास एकाच आकाशगंगेचा वेध घेतला की तबकड्यांमधली रिकामी जागा बरीचशी भरून निघते. मला या साऱ्या रचनेतली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते, आणि तिच्यासाठी कुणाला वीजबिलही भरावं लागत नाही!

यातून काय दिसतं? हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटरची क्षीण लहर सोडतो. तारे ज्यातून घडतात तो कच्चा माल हाच. विश्व प्रसरण पावत असल्यानं दूरची लहर ताणून येते. २०२३ च्या सुरुवातीला अशीच एक लहर चर्चेत आली. निघताना २१ सेंटिमीटरची, खोडदला पोचेपर्यंत सुमारे ४८ सेंटिमीटरची झालेली. ती ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या आकाशगंगेतून निघाली होती. वाटेतल्या दुसऱ्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणानं तिची तीव्रता सुमारे ३० पट वाढवली म्हणून ती सापडली, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी स्पंदकांच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांतल्या सूक्ष्म फरकांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे खुद्द अवकाशातल्या हेलकाव्यांचा, पुरावा मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटांतही जीएमआरटीची निरीक्षणं होती.

आता याच तत्त्वावर ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ हा आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीचा प्रकल्प उभा राहतो आहे: दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या, ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना. भारतही त्यात भागीदार आहे. जागा मात्र ओसाड वाळवंटांतल्या निवडल्या, कारण मोबाइल, वाहनं, विजेची उपकरणं सगळीच रेडिओ लहरी फेकतात. खोडदला डोंगरांचा आडोसा होता आणि आहे. भोवतालचा जुन्नर तालुका मात्र तीस वर्षांपूर्वीइतका शांत राहिलेला नाही.